मेंदूला बाहेरून हलका करंट: लक्ष आणि वर्किंग मेमरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीच्या मुलांचे आईवडील, एमपीएससीची तयारी करणारी मुलं, अर्धांगाचा झटका आल्यावर घरी आणलेल्या माणसाचे नातेवाईक, "आई हल्ली फार विसरते" म्हणून काळजीत पडलेल्या लेकी. सगळे मला एकच विचारतात: डोक्याला बाहेरून करंट देऊन लक्ष आणि स्मरणशक्ती वाढते म्हणे, खरं का? अशा प्रयोगांमध्ये लोकांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड बांधायचं काम मी करते, त्यामुळे उत्तर देणं मला भाग आहे. ते नीट द्यावं असं मनापासून वाटतं, कारण या विषयात एकीकडे भलत्या आशा लावल्या जातात आणि दुसरीकडे ज्यांना खरंच उपयोग होईल ते घाबरून लांब राहतात. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

हे नेमकं असतं काय?

कवटी न उघडता, सुई न टोचता, बाहेरूनच मेंदूच्या एखाद्या भागाचं काम थोडं वर किंवा खाली सरकवायचं, एवढाच यामागचा विचार. त्याच्या मुख्य तऱ्हा दोन.

पहिली टीडीसीएस. डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, त्यांत रबराचे इलेक्ट्रोड आणि बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र. १ ते २ मिलीअँपिअरचा करंट एकाच दिशेने वीसेक मिनिटं वाहतो. मोबाईलच्या चार्जरवर २ अँपिअर लिहिलेलं असतं, हा त्याचा हजारावा भाग. हाच करंट ठरावीक लयीत उलटसुलट दिला तर त्याला टीएसीएस म्हणतात.

दुसरी टीएमएस. यात डोक्याला तार लागतच नाही. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉइल केसांवर टेकवतात. तिच्यातून क्षणभर मोठा करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि आत मेंदूत करंट निर्माण करतं. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व तेच. माणसाच्या मेंदूवर ते १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून दाखवलं. हाताची हालचाल जिथून होते त्या भागावर कॉइल धरून एक ठोका दिला की समोरच्याचा अंगठा आपोआप उडतो. पहिल्यांदा अनुभवणारा माणूस स्वतःच्या हाताकडे बघतच राहतो.

दोन्हींत मोठा फरक आहे. टीएमएस मेंदूच्या पेशींना प्रत्यक्ष संदेश सोडायला लावतं. टीडीसीएस तसं करत नाही. पेशी संदेश सोडण्याच्या बेतात असतील तर त्यांना किंचित पुढे किंवा मागे सरकवतं, बस.

म्हणजे शॉक ट्रीटमेंटच ना?

नाही. शॉक ट्रीटमेंट म्हणजे ईसीटी. तीत भूल देऊन साधारण ८०० मिलीअँपिअरचा करंट काही सेकंद देतात आणि मुद्दाम फिट आणतात. इथे भूल नाही, फिट आणायची नाही, माणूस टक्क जागा असतो आणि टीडीसीएसचा करंट त्याच्या चारशेव्या भागाएवढा असतो. जाता जाता हेही सांगते की सिनेमांनी ईसीटीची जी धास्ती बसवली आहे ती चुकीची आहे. तीव्र नैराश्यात ती आजही जीव वाचवते.

वर्किंग मेमरी म्हणजे काय? पाठांतर होतं तीच का?

ती नव्हे. 'सत्तेचाळीस' ऐकून आकडा लिहून बघा. कानावर आधी सात पडतो, मग चाळीस. कागदावर मात्र आधी ४ लिहायचा असतो. तो सात तुम्ही क्षणभर कुठेतरी धरून ठेवता, चाराला पुढे जाऊ देता आणि मग खाली उतरवता. ही धरून ठेवण्याची आणि धरलेल्याची उलटापालट करण्याची ताकद म्हणजे वर्किंग मेमरी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली आणि मोठा वाद झाला. बोलायचा क्रम आणि लिहायचा क्रम उलटा, हा मुद्दा त्या वादात होताच. मोठ्यांना ते ओझं जाणवत नाही. सात वर्षांच्या पोराला जाणवतं.

ही जागा फार छोटी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात-आसपास गोष्टी मावतात असं म्हटलं, पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारावर आणला. मेसेजमधला ओटीपी बँकेच्या ॲपमध्ये टाकेपर्यंत कुणी हाक मारली तर आकडे सांडतात, ते यामुळेच. लक्ष हललं की धरलेलं निसटतं. म्हणून लक्ष आणि वर्किंग मेमरी यांचा अभ्यास जोडीनेच होतो. दोन्हींत कपाळामागचा, थोडा वरच्या बाजूचा प्रीफ्रंटल भाग आणि डोक्याच्या मागच्या-वरच्या बाजूचा परायटल भाग मिळून काम करतात. प्रयोगांमध्ये सगळ्यांत जास्त करंट ज्या जागेवर दिला गेला ती जागा डाव्या प्रीफ्रंटल भागात येते. आम्ही तिला डीएलपीएफसी म्हणतो.

ती मोजता कशी?

बऱ्याचदा 'एन-बॅक' नावाच्या चाचणीने. पडद्यावर एकेक अक्षर येतं आणि जातं. आत्ताचं अक्षर तीन घरं मागे आलेल्या अक्षरासारखंच असेल तर बटण दाबायचं. क, म, त, क: इथे दाबा. पुढे ग, मग त: इथेही दाबा. पुढे परत ग आला. हात शिवशिवतो, पण तो दोनच घरं मागे होता, म्हणून दाबायचं नाही. दहा मिनिटं हे केलं की भलेभले घामाघूम होतात.

लक्षाची मापं वेगळी. कंटाळवाण्या पडद्यावर क्वचित येणारी खूण किती वेळ टिपता येते, आजूबाजूच्या गोंधळातून हवं तेच उचलता येतं का, उमटू पाहणारी चूक आवरता येते का, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. "लक्ष वाढलं" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, यातलं कुठलं?

सेशनमध्ये काय करतात? दुखतं का?

आधी टेपने माप. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, शिंपी घेतो तसं. त्यावरून डाव्या डीएलपीएफसीच्या वरचा 'एफ-३' हा बिंदू काढून खूण करते. केस बाजूला सारते. तेल चोपडलेलं असेल तर स्पिरिटने पुसत बसावं लागतं, कारण तेलातून करंट जात नाही. म्हणून आदल्या दिवशी फोन करून सांगते, आणि तरी आठवड्यातून एकजण तेल लावून येतोच.

स्पंज किती पिळायचा हे हातालाच कळतं. फार ओला राहिला तर पाणी कानशिलावरून गळ्यात उतरतं आणि करंट आत जाण्याऐवजी कातडीवरच पसरतो. कोरडा राहिला तर चटका बसतो. दुसरा स्पंज उजव्या भुवईच्या वर. मग पट्टा आवळायचा आणि यंत्र सुरू करायचं. करंट तीसेक सेकंदांत हळूहळू चढतो. पहिलं मिनिटभर खाज सुटते, मुंग्या चावल्यासारखं होतं, एखाद्याला तोंडात धातूची चव येते. नंतर बहुतेकांना डोक्यावर काही आहे हेही आठवत नाही. काढल्यावर कपाळावर लाल चौकोन उमटलेला असतो, तो थोड्या वेळात जातो. एखाद्याचं डोकं दुखतं, एखादा दमतो.

टीएमएस जरा जास्त जाणवतं. दर ठोक्याला टक्-टक् आवाज येतो, त्यासाठी कानात बोळे घालतात. कपाळाचे स्नायू आखडून ठणका लागू शकतो.

करंटने आत नेमकं काय होतं?

२००० साली जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये मायकेल नित्शे आणि वॉल्टर पॉलस यांनी हाताच्या हालचालीच्या भागावर १ मिलीअँपिअरचा करंट दिला आणि टीएमएसच्या ठोक्याने करंगळीजवळचा स्नायू किती उडतो ते मोजलं. एका दिशेचा करंट दिल्यावर तो जास्त उडू लागला, उलट्या दिशेने दिल्यावर कमी. फरक जवळपास ४० टक्क्यांपर्यंत. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की १३ मिनिटं करंट दिला तर परिणाम दीड तासापर्यंत टिकतो. सगळ्या क्षेत्राची धाव इथून सुरू झाली.

पण स्मृतीच्या भागाला करंगळी नाही. तिथे ठोका दिला तर काहीच उडत नाही, म्हणून परिणाम थेट मोजता येत नाही. हाताच्या भागावर मिळालेला नियम (धन इलेक्ट्रोडखाली वाढ, ऋण इलेक्ट्रोडखाली घट) लोकांनी उचलून तसाच तिकडे लावला आणि तो तिकडे बऱ्याचदा लागू पडला नाही. इतकंच काय, हाताच्या भागावरही करंट २ मिलीअँपिअर केला आणि २० मिनिटं दिला तर ऋण बाजूनेही वाढच होते, असं २०१३ मध्ये दिसलं. जास्त दिलं म्हणजे जास्त मिळतं, हे गणित इथे चालत नाही.

आणि आत पोचतो तरी किती? २०१८ मध्ये मृतदेहांवर केलेल्या मोजणीत दिसलं की सुमारे ७५ टक्के करंट कातडी, मऊ भाग आणि कवटी यांतच अडतो. उरलेल्यातून मेंदूत जे क्षेत्र तयार होतं ते फार क्षीण असतं. एकट्याच्या बळावर ते पेशीला कामाला लावू शकत नाही. आधीच कामात गुंतलेल्या पेशींना तेवढं ढकलू शकतं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती ध्यानात असू द्या.

मग वर्किंग मेमरी वाढते का? हो की नाही?

वाढते, पण थोडी, आणि दरवेळी नाही.

२००५ मध्ये बोस्टनला फेलिपे फ्रेग्नी आणि सहकाऱ्यांनी १५ तरुणांना डाव्या डीएलपीएफसीवर १ मिलीअँपिअर करंट १० मिनिटं दिला. वर सांगितलेली तीन घरांची चाचणी देताना त्यांची अचूकता वाढली. करंट हाताच्या भागावर दिला तेव्हा वाढली नाही, खोटा करंट दिला तेव्हाही नाही. प्रयोग सुबक होता आणि जगभर गाजला. त्यानंतर शेकड्यांनी प्रयोग झाले, बहुतेक असेच पंधरा-वीस माणसांचे. अडचण तिथेच झाली. इतक्या कमी माणसांत योगायोगानेही फरक दिसतो, आणि फरक दिसलेला प्रयोग छापून येतो, न दिसलेला कपाटात राहतो.

सगळे प्रयोग एकत्र मांडून हिशोब केला तेव्हा चित्र फिकं पडलं. २०१४ मधल्या अशा एका हिशोबात टीएमएसने अचूकता आणि वेग दोन्ही सुधारल्याचं दिसलं, टीडीसीएसने फक्त वेग. २०१५ मध्ये जॅरेड हॉर्व्हाथ आणि सहकाऱ्यांनी तर निरोगी माणसात एका सेशनचा भरवशाचा परिणामच दिसत नाही असं मांडलं. त्यांच्या पद्धतीवर इतरांनी जोरदार आक्षेप घेतले आणि माझ्या मते त्यातले काही आक्षेप खरे होते. वेगवेगळे प्रयोग एका टोपलीत घातले की एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्याने पुसला जातो. पण २०१६ च्या आणखी एका हिशोबातही असंच निघालं: नुसत्या करंटचा परिणाम नगण्य, आणि डाव्या डीएलपीएफसीवर करंट देता देता स्मृतीचा सराव करून घेतला तर छोटासा फायदा.

मला हे शेवटचं सगळ्यांत पटतं, आणि ते वरच्या गोष्टीशी जुळतंही. पेशी कामात असतील तरच ढकलता येतात. डोक्याला पट्टा बांधून रील्स बघत बसलात तर करंट जे ढकलेल ते रील्स बघणंच.

एकाला फरक पडतो, दुसऱ्याला नाही. असं का?

कवटीची जाडी, मेंदूच्या घड्यांची ठेवण, वय, झोप, चहा-कॉफी, औषधं, त्या दिवशीचं मन. २०१४ मध्ये ५३ जणांवर हाताच्या भागाची मोजणी केली तेव्हा सुमारे निम्म्या लोकांत टीडीसीएसचा परिणाम नाममात्र होता किंवा नव्हताच.

ज्यांची वर्किंग मेमरी मुळात कमी आहे त्यांना जास्त फायदा झाल्याचं काही प्रयोगांत दिसतं. भांडं आधीच भरलेलं असेल तर वरून ओतून काय उपयोग?

आणि एक प्रयोग मी प्रत्येक पालकाला सांगते. २०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने गणिताची भीती वाटणाऱ्या आणि न वाटणाऱ्या माणसांना तोच करंट दिला. भिणाऱ्यांची गणितं जलद झाली, ताणाचं संप्रेरकही उतरलं. न भिणाऱ्यांचा वेग मंदावला. यंत्र तेच, जागा तीच, करंट तोच, आणि एकाला जे औषध ठरलं ते दुसऱ्याला अडथळा.

आमच्या ओळखीतल्या मुलाने वापरलं, त्याला खूप फरक पडला. ते खोटं आहे का?

मुलगा खोटं बोलत नाही. पण तो रोज ॲपवर तीच चाचणी देत होता का, विचारा. एन-बॅक दहा दिवस केली की कुणाचाही स्कोअर चढतो, करंट असो वा नसो. त्यात "आता माझं लक्ष लागणार" हा विश्वास. पट्टा बांधून तास-दोन तास फोन बाजूला ठेवून बसला असेल तर त्या फोन न घेण्याचाही फायदा.

म्हणूनच आम्ही निम्म्या लोकांना खोटा करंट देतो. सुरुवातीचं अर्धं मिनिट खरा सोडतो, मुंग्या येतात, मग गुपचूप बंद करतो. कुणाला कुठला मिळतोय हे त्यांना माहीत नसतं आणि समोर बसलेल्या मलाही नसतं. प्रयोग संपल्यावर "आज काय मस्त डोकं चाललं" असं सांगणाऱ्यांत खोटा करंट मिळालेले किती निघतात ते बघून मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडलं आहे.

स्कोअर चढणं आणि मार्क वाढणं यांत मोठं अंतर आहे, तेही बघा. एका चाचणीत आलेली सफाई दुसऱ्या चाचणीत फारशी उतरत नाही, आणि परीक्षेच्या पेपरात तर त्याहून कमी.

लक्षावर काय परिणाम होतो?

दमलेल्या, पेंगुळलेल्या माणसाचं लक्ष टिकवायला टीडीसीएसचा उपयोग दिसतो. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये माणसांना तीस तास जागं ठेवून काहींना कॅफीन दिलं आणि काहींना अर्धा तास २ मिलीअँपिअरचा करंट. करंटने लक्ष जास्त वेळ टिकलं. प्रयोग लहान होता. आणि कृपा करून याचा अर्थ रात्रभर जागून अभ्यास करायचा मार्ग सापडला असा घेऊ नका. दिवसा वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते आणि ती जागा करंट घेत नाही.

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि स्वस्थ बसवत नाही अशा आजाराचं, चित्र दुभंगलेलं आहे. ब्राझीलमधल्या पोर्तू अलेग्रीला ६४ प्रौढांनी चार आठवडे रोज अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घरी, उजव्या प्रीफ्रंटल भागावर करंट घेतला. खोट्या करंटवाल्यांपेक्षा त्यांचं लक्ष विचलित होणं कमी झालं (२०२२). त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये एडीएचडी असलेल्या ५० मुलग्यांना सरावासोबत १५ सेशन दिली, तिथे काहीच फायदा दिसला नाही. वय वेगळं, जागा वेगळी, दिवस वेगळे. तुमच्या मुलाला एडीएचडी असेल तर डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि वर्तनोपचार यांच्याऐवजी हे नको, इतकं मी ठाम सांगते.

बाबांना झटका आल्यापासून ते डावीकडचं काही बघतच नाहीत. त्यांना उपयोग होईल का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की काही माणसांचं डावीकडचं जगच हरवतं. डोळे ठीक असतात, लक्ष तिकडे जात नाही. आपल्याकडे हे ताटावर दिसतं. भाजी, आमटी, पोळी उजव्या बाजूची, ती संपते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ही सगळी डावी बाजू जशीच्या तशी राहते. माणूस म्हणतो, "आज कोशिंबीर केली नाही वाटतं." घरच्यांना वाटतं चेष्टा करतात किंवा भ्रमिष्ट झाले. बायको ताट गोल फिरवून ठेवते आणि तीच कोशिंबीर आता ते आवडीने खातात.

याला निग्लेक्ट म्हणतात. एक समजूत अशी आहे की मेंदूचे दोन भाग एकमेकांना दाबून धरतात. उजवा दुबळा झाला की डावा बेलगाम होतो आणि लक्ष उजवीकडे ओढून नेतो. मग डाव्या परायटल भागाला टीएमएसने थोडं शांत केलं तर? स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये ते करून पाहिलं. दोन दिवसांत ठोक्यांच्या काही फेऱ्या दिल्या आणि तीन आठवड्यांनंतरही रुग्णांची रोजची कामं खोट्या उपचारापेक्षा चांगली होत होती. स्कोअर नव्हे, रोजची कामं. म्हणून हा प्रयोग मला मोलाचा वाटतो. सगळ्या रुग्णांना सारखा फायदा होत नाही, आणि झटक्यानंतर फिट येण्याचा धोका असतो त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टने तपासल्याशिवाय हे होऊच नये. पण तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. तोवर बाबांच्या डावीकडे बसून बोला, डावीकडून हाक मारा आणि ताट फिरवत राहा.

आईचं वय ७० आहे, फार विसरते. तिच्यासाठी?

२०२२ मध्ये बोस्टन विद्यापीठात ६५ ते ८८ वयाच्या १५० निरोगी माणसांवर टीएसीएसचा प्रयोग झाला. चार दिवस, रोज २० मिनिटं, २० शब्दांच्या याद्या ऐकून सांगायच्या. परायटल भागावर संथ लयीचा करंट दिला तर यादीतले शेवटचे शब्द, म्हणजे वर्किंग मेमरीतले, जास्त आठवले. प्रीफ्रंटल भागावर जलद लयीचा दिला तर सुरुवातीचे शब्द जास्त आठवले, जे लांब पल्ल्याच्या स्मृतीत गेलेले असतात. फायदा महिनाभर टिकला. लयीची अदलाबदल केली तर फायदा गेला. नुसता करंट नव्हे, त्याची लय महत्त्वाची, हे यातून दिसतं.

टोरांटोत ६० वर्षांवरच्या ३७५ जणांना, ज्यांना पूर्वी नैराश्य होतं किंवा विसराळूपणाची सुरुवात होती, टीडीसीएस आणि मेंदूचा सराव एकत्र देऊन वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०२४ मध्ये आलेल्या निकालात त्यांची घसरण थोडी मंदावलेली दिसली. रोममध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या ५० रुग्णांवर २४ आठवडे टीएमएस दिलं, तिथेही घसरण रोखल्यासारखी दिसली. हे निकाल मला आशा देतात. पण आईला आधी डॉक्टरांकडे न्या आणि थायरॉइड, बी-१२, झोप, नैराश्य आणि कानाने कमी ऐकू येणं तपासून घ्या. "विसरते" म्हणून आणलेल्या कितीतरी आया नीट ऐकू आल्यावर विसरायच्या थांबतात.

ऑनलाइन हेडबँड मिळतो. मुलासाठी घेऊ का? यूट्यूबवर तर नऊ व्होल्टच्या बॅटरीने घरीच बनवतात.

नका. हात जोडून सांगते.

वाढत्या वयातला मेंदू बदलत असतो आणि मुलांची कवटी पातळ असते, त्यामुळे तोच करंट आत जास्त पोचतो. निरोगी मुलाच्या मेंदूला वर्षभर रोज असं ढकलत राहिलं तर काय होईल, हे बघायला कुणी प्रयोग केलेला नाही आणि करूही नये. एका गोष्टीत मिळालेलं दुसरीत जाऊ शकतं. ऑक्सफर्डच्याच २०१३ च्या प्रयोगात मागच्या भागावर करंट दिल्यावर नवी अंकचिन्हं लवकर शिकता आली, पण शिकलेलं सहज, आपसूक वापरता येणं बिघडलं. पुढच्या भागावर दिल्यावर नेमकं उलटं. कुठला सौदा तुमच्या मुलाच्या वाट्याला येतोय ते घरी कळायला मार्ग नाही. २०१६ मध्ये ३९ संशोधकांनी सह्या करून घरी वापरणाऱ्यांना जाहीर पत्र लिहिलं, त्यातही हेच होतं: परिणाम इलेक्ट्रोडखालीच राहत नाहीत, माणसागणिक उलटेही होतात, आणि टिकूही शकतात. हे पत्र लिहिणारे या तंत्राचे विरोधक नव्हते, आयुष्य त्यात घालवलेली माणसं होती.

साध्या बॅटरीच्या जोडणीत तर करंट आवरणारं काहीच नसतं. स्पंज वाळत गेला की करंट एका जागी गोळा होतो आणि कातडी भाजते. बधिरपणामुळे ते उशिरा कळतं.

देखरेखीखालची सुरक्षितता ही वेगळी बाब. २०१६ पर्यंतच्या ३३,००० हून जास्त टीडीसीएस सेशनचा आढावा घेतला तेव्हा गंभीर इजा नोंदलेली नव्हती. पण ती सगळी ठरावीक मर्यादेतली, निवडून घेतलेल्या माणसांवर, समोर प्रशिक्षित माणूस बसलेला असतानाची आहे. तो आकडा हेडबँडच्या जाहिरातीत वापरणं मला मान्य नाही.

कुणी मुळीच करू नये?

डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असेल तर टीएमएस नाही. पेसमेकर, फिटचा इतिहास, गर्भारपण, डोक्याच्या कातडीवर जखम, बायपोलर आजार, यातलं काहीही असेल तर आधी सांगा, लपवू नका. टीएमएसने फिट येणं फार विरळ आहे, पण येऊ शकते.

भारतात हे मिळतं का?

टीएमएस मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मानसोपचाराच्या ठिकाणी मिळतं, मुख्यतः नैराश्य आणि ओसीडीसाठी (नको ते विचार आणि त्याच त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार). अमेरिकेतही टीएमएसला नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि ओसीडीसाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत स्किझोफ्रेनियात टीडीसीएसवर बरंच काम झालं आहे. निरोगी माणसाची स्मरणशक्ती वाढवण्यासाठी म्हणून कुणी पॅकेज विकत असेल तर पैसे जपून ठेवा.

प्रयोगात भाग घ्यायला बोलावलं आहे. काय विचारू?

एथिक्स समितीची मंजुरी आहे का आणि संमतिपत्र मराठीत मिळेल का, हे आधी. करंट कुठे, किती आणि किती वेळ देणार. खोटा करंट मिळण्याची शक्यता किती. मधेच उठून जाता येतं का (येतं, कारण न सांगता येतं). काही त्रास झाला तर रात्री कुणाला फोन करायचा. ते विचारतील त्या प्रश्नांची खरी उत्तरं द्या, चालू गोळ्यांची नावं लिहून न्या, आदल्या रात्री पुरेसं झोपा, आणि डोक्याला तेल लावून जाऊ नका.